अर्णवचा पाय सुजला तर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

अर्णव महिनाभर तुमच्याकडे आहे. दिवसभर अनवाणी अंगणात नि काजूखाली हुंदडणार, म्हणजे पाय कधीतरी दुखणारच. सूज किती आहे ते नंतर बघा, आधी तो त्या पायावर उभा राहतो का ते बघा.

मुरगळला, पण लंगडत का होईना चालतोय, तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, पाय उशीवर, बस्स. चार पावलंही टाकेना किंवा हाडावर बोट टेकताच ओरडला, तर एक्स-रे काढा. आई, तेल लावून चोळू नकोस, हाडवैद्यही नको. चार वर्षांच्या पोराच्या हाडाचं वाढतं टोक कच्चं असतं. मुरगळलंय म्हणून चोळावं आणि तिथेच फ्रॅक्चर निघावं, असं होतं.

खरी धास्ती वेगळीच. मार लागलेला नाही, ताप आहे आणि पाय टेकवत नाही, म्हणजे सांध्यात किंवा हाडात पू होत असू शकतो. सांधा काही दिवसांत कायमचा खराब होतो. म्हणून रात्र असली तरी तेव्हाच हॉस्पिटल गाठा. घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. त्याने दुखणं दबतं आणि तपासणीत जंतू सापडत नाहीत.

काटा रुतला तर साबणाने धुवा, लालीभोवती पेनाने रेघ मारून वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली की डॉक्टर.

पालापाचोळ्यातून आला आणि पाय भराभर सुजतोय, तर दातांच्या खुणा दिसोत न दिसोत, फुरसं चावलंय असंच धरा. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. पायातला काळा दोरा मात्र लगेच कापा, सुजेत तो रुततो. पाय फळीला सैल बांधा, त्याला चालू देऊ नका, 108 ला फोन करा. बाबा, साप शोधत बसू नका.

सकाळी डोळ्यांखाली आणि दोन्ही पायांवर सूज दिसली तर लघवी तपासून घ्या. पायांवर दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके आले तर त्याच दिवशी दाखवा.

दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. त्याचं वजन 16 किलो आहे. 5 मिलीत 250 मिग्रॅ असलेल्या बाटलीतून साडेचार मिली, 125 ची असेल तर नऊ. दोन डोसांत सहा तास हवेत. अ‍ॅस्पिरिन कधीच नको आणि सापाचा संशय असेल तर ब्रुफेनही नको, रक्तस्राव वाढतो.

तुमची,
सुषमा