मंद्याच्या मियाटाचं डाएट

प्रिय मंद्या,

तुझ्या सगळ्या व्हॉइस नोट्स ऐकल्या. आधी अभिनंदन लेका, शेवटी घेतलीस तर! एनए मियाटा, म्हणजे पहिल्या पिढीची, दोन सीटांची उघडी, १.६ लिटरचं इंजिन, लाल, आणि ती पण श्टुटगार्टमध्ये, म्हणजे पोर्शेच्या दारात माझदा, आवडलं आपल्याला. आता तुझा प्रश्न, की ऑटोबानवर, म्हणजे तुमच्या जर्मन हायवेवर, १५० च्या पुढं गाडी दमते तर वजन कमी करून फरक पडेल का आणि पडणार असेल तर सुरुवात कुठून करू. हे फोनवर सांगायला बसलो तर दहाव्या मिनिटाला आपण सांगलीच्या हॉस्टेलवर पोचणार हे नक्की, म्हणून लिहूनच काढतो. निवांत वाच आणि मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

पहिलं म्हणजे १५० च्या पुढचं तुझं दुखणं वजनाचं नाहीच. तिथं हवा आडवी येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी पॉवर घनानं, म्हणजे १०० वरून १५० ला गेलास तर वेग दीडपट पण नुसत्या हवेसाठी लागणारी पॉवर जवळजवळ साडेतीनपट. तुझ्याकडं सगळे मिळून ११५ घोडे (हॉर्सपॉवर रे), त्यात रात्री ते बेडकासारखे हेडलाइट वर काढून पळवणार, मग दमणारच ना ती. सपाट रस्त्यावर टॉप स्पीडमध्ये वजनाचा वाटा फार थोडा, तो येतो चढावर आणि वेग पकडताना. तेव्हा ऑटोबानसाठी गाडी सोलत बसणार असशील तर आत्ताच थांब, गालिचे परत टाक.

याचा सगळ्यात भारी पुरावा तुझ्याच गावात तयार झालाय. ९११ कॅरेरा आरएस २.७, १९७३ चं मॉडेल. रेसिंगच्या नियमात बसायला ५०० गाड्या विकायच्या होत्या, विकल्या १५८०. तिच्या दोन तऱ्हा होत्या, एक स्पोर्ट म्हणजे पार सोललेली, साधारण ९६० किलोची, आणि दुसरी टूरिंग, नीट सीटा-बिटा असलेली, ती १०७५ ची. इंजिन दोघींना एकच, २१० घोड्यांचं. स्पोर्टमध्ये पत्रा पातळ, काचा पातळ, मागची सीट नाही, घड्याळ नाही, दार ओढायला नुसता पट्टा, बॉनेटवरचा बिल्लासुद्धा काढून त्या जागी स्टिकर! आणि फरक काय पडला, तर ० ते १०० ला स्पोर्टला ५.८ सेकंद आणि टूरिंगला ६.३. अर्धा सेकंद, त्या काळात खायची गोष्ट नाही ती. पण टॉप स्पीड बघशील तर एकीचा २४० आणि दुसरीचा २४५ च्या आसपास. ११५ किलो काढून वरच्या टोकाला हाताला काय लागलं, जवळपास काहीच नाही. वजनाची मजा खाली आहे, सिग्नलवरून सुटताना, वळणातून बाहेर पडताना, दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये.

आता हिशोब तुझ्या गाडीचा. गाडी ९५५ च्या आसपास, त्यात तू ८० धर (धरतोय हां, लग्नातले फोटो बघितलेत मी), म्हणजे १०३५. त्यातून ८० किलो उतरवलेस तर घोडे-दर-किलोचा जो फायदा होतो तोच फायदा इंजिनमधून काढायला तुला ९-१० घोडे वाढवावे लागतील. टर्बो गाडी असती तर मी म्हणालो असतो की गप लॅपटॉप लाव, रीमॅप कर म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदल, त्यापेक्षा कितीतरी जास्त घोडे एका दुपारात मिळतील, वजनाच्या नादाला लागूच नको. कुणी काही म्हणो, सरळ रस्त्यावरच्या पळण्यासाठी टर्बो गाडीत पॉवर वाढवणंच स्वस्त पडतं. पण तुझं १.६ टर्बोबिर्बो नसलेलं, त्यातून १० घोडे काढायचे म्हणजे कॅम, मॅनिफोल्ड, इसीयू, आणि बिल बघून वहिनी तुला त्याच गाडीत झोपायला लावणार. स्टेपनी मात्र फुकट निघते.

आणि घोडे वाढवले की फक्त पळताना उपयोग, वजन उतरवलं की ब्रेकला पण, वळणाला पण, टायरला पण, पेट्रोलला पण. लोटस ही इंग्रज स्पोर्ट्सकार कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनच्या नावावर हे वाक्य खपवतात, त्यानं ते कधी आणि कुठं म्हटलं ते सोड, पण गोष्ट खरी आहे. यात एक बारीक मेख आहे जी लोक विसरतात: टायरवरचा भार दुप्पट केला तर ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे उलटं बघितलं तर हलकी गाडी तिच्या वजनाच्या मानानं जास्त ग्रिप मिळवते, त्याच टायरवर, एक रुपया खर्च न करता. इथं इंग्लंडात स्नेटरटनच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे असला, म्हणजे आपापल्या गाड्या पळवायचा दिवस, की हे अगदी डोळ्यांनी दिसतं. बेंटली स्ट्रेटवर मोठाल्या गाड्या आपल्याला सोडून पार पुढं जातात, आणि मग पुढच्या वळणाला ब्रेक मारायची वेळ आली की एकेक करून परत आपल्या बंपरसमोर हजर. दुपारपर्यंत त्यांचे ब्रेक आणि टायर तापून रडतात आणि मियाटावाले त्याच टायरवर बसून घरी जातात.

पण मंद्या, तू जी यादी पाठवलीस ना, गालिचे काढू, दाराचे पॅनल काढू, रेडिओ काढू, ती वाचून हसलो राव. एनएमध्ये काढण्यासारखं माझदानं फार ठेवलंच नाहीये. बॉनेट आधीच ॲल्युमिनियमचं. गियरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जी लांब फ्रेम जाते ती पण ॲल्युमिनियमची. आणि ती तुझी १४ इंची सात कांड्यांची अलॉय आहेत ना, ती एकेक साडेपाच किलोच्या आसपास आहेत, आजसुद्धा इतकी हलकी चाकं घ्यायला गेलास तर खिसा रिकामा होतो. लोक ती काढून १७ इंची लावतात, दिसायला एक नंबर, आणि चारही कोपऱ्यांना वजन वाढवून ठेवतात. तू तेवढं करू नकोस. माझदाचे लोक यात इतके चिक्कू आहेत की २००५ च्या तिसऱ्या मियाटात त्यांनी आतल्या आरशातून ८४ ग्रॅम काढले आणि ते अभिमानानं जगाला सांगितलं.

तरी पोर्शेपुढं हे काहीच नाही. तुमच्या त्या फर्डिनांड पिएचचा, तेव्हा पोर्शेत रेसिंगच्या गाड्या बनवायचा तो, किस्सा सांगतात की तो वर्कशॉपमध्ये लोहचुंबक घेऊन फिरायचा, कुठला पार्ट चिकटला म्हणजे स्टीलचा, म्हणजे त्या इंजिनियरची वाट लागली. १९६८ ची ९०९ बेर्गस्पायडर, डोंगर चढायच्या शर्यतीसाठी केलेली, पूर्ण गाडी ३८५ किलोच्या आसपास. आपल्या दोन बुलेट एका गाडीत! ब्रेकच्या डिस्क बेरिलियमच्या, ज्याची धूळ नाकात गेली तर फुप्फुसं कामातून जातात, आणि पेट्रोलचा पंपच नाही, टायटॅनियमच्या गोळ्यात दाबाखाली पेट्रोल भरायचं. नंतर ९१७ आली तिच्या गियरचा दांडा धरायची मूठ बाल्सा लाकडाची, आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम इतकी नाजूक की नळ्यांत दाबानं गॅस भरून ठेवायचे, दाब उतरला की समजायचं कुठंतरी तडा गेला. झुफेनहाउझेनच्या म्युझियममध्ये जाऊन ९१७ बघून ये, आणि ड्रायव्हरचे पाय कुठं येतात ते मुद्दाम बघ, पुढच्या ॲक्सलच्याही पुढं. त्या काळात हलकेपणा कशाच्या बदल्यात मिळायचा ते तिथं उभं राहिलं की कळतं.

बरं, आता कामाचं. आधी गाडी काट्यावर घाल. आपल्याकडं उसाचा काटा कसा मारतात हे बघत लहानाचे मोठे झालेलो आपण, तुला काट्याचं महत्त्व मी काय सांगू. तुमच्याकडं बऱ्याच गावांत सार्वजनिक वजनकाटा असतो, चार पैसे देऊन पावती मिळते. फक्त ट्रकचा काटा बहुतेक २०-२० किलोच्या टप्प्यानं दाखवतो, त्यामुळं गाडीचा एकूण आकडा तिथं घे आणि काढलेला प्रत्येक पार्ट घरी बाथरूमच्या काट्यावर. पार्ट विकणारे वेबसाइटवर जे आकडे टाकतात ते देवाच्या भरवशावर असतात.

मग काढायचं काय, यापेक्षा कुठून काढायचं ते बघ. तुझ्या गाडीत इंजिन पुढच्या चाकांच्या मागं ढकललेलं, बॅटरी डिकीत, सगळं करून पुढं-मागं वजन जवळपास निम्मं निम्मं बसवलेलं. आता तू स्टेपनी आणि जॅक डिकीतून काढलेस आणि बॅटरी हलकी घातलीस की मागचं हलकं झालं, आणि गाडी तर मागच्या चाकांनी ढकलते, पावसात सुटताना चाक जास्त फिरणार. म्हणून मागून काढलंस तर पुढून पण काढ. एसी असलाच तर त्याचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर अगदी नाकात बसलेत, पंधरा-वीस किलो तिथून सहज जातात, आणि छत उघडं ठेवून फिरणाऱ्याला एसी कशाला. गॅस मात्र गॅरेजवाल्याकडून नीट काढून घे, हवेत सोडू नकोस. मागचा मूळ सायलेन्सर चांगलाच जड आहे आणि तो पार शेपटाला, मागच्या ॲक्सलच्याही मागं लोंबतो. उसाची ट्रॉली मागच्या टोकाला जास्त भरली की तिचं पुढचं टोक कसं उचलायला बघतं, तसं टोकाचं वजन कमी असलं तरी जोर जास्त लावतं, आणि वळताना ते गाडीला आपल्यामागं ओढत नेतं. म्हणून टोकाचे दहा किलो निघाले तर सीटखालच्या दहापेक्षा जास्त जाणवतात. हार्डटॉप असेल तर उन्हाळ्यात घरी ठेव, २० किलो तेही सगळ्यात उंचावर.

फ्लायव्हीलबद्दल विचारलंस, म्हणजे इंजिनला जोडलेलं ते जड फिरतं चाक. क्लच बदलायला गियरबॉक्स उतरवणार असशील तेव्हाच हलकं घाल, मुद्दाम त्यासाठी उघडू नकोस. गंमत अशी की ते इंजिनच्या वेगानं फिरतं, त्यामुळं पहिल्या गियरमध्ये त्यातून तीन-एक किलो काढणं म्हणजे ढोबळ हिशोबानं गाडीतून साठ-सत्तर किलो काढल्याइतकं लागतं, आणि पाचव्या गियरमध्ये तेच चार-पाच किलोइतकं. मी कागदावर मांडून बघितलंय, पटत नसेल तर गियर रेशोचा वर्ग करून तूही बघ. इंजिन पटकन चढतं-उतरतं, मस्त वाटतं, फक्त चढावर सुटताना सुरुवातीला गाडी दोन-चारदा बंद पडणार आणि मागचा हॉर्न मारणार. चाकांचं मात्र जे सांगतात की एक किलो म्हणजे दहा किलो, ती थाप आहे. रिमच्या कडेचं वजन वेग पकडताना फार तर दुपटीच्या आसपास जातं. हलक्या चाकाचा खरा फायदा खड्ड्यांत आहे, चाक रस्त्याला लगेच परत टेकतं.

एक गोष्ट वाढव, रोल बार, म्हणजे सीटांमागची लोखंडी कमान. पंधरा-वीस किलो वाढतील, वाढू देत. उघडी गाडी आहे, उलटली तर डोक्यावर फक्त कापड. आणि रोल बार नसताना चार पट्ट्यांचा रेसिंग बेल्ट अजिबात लावू नकोस, उलटल्यावर तो तुला ताठ बसवून ठेवतो आणि मान जमिनीला. दाराच्या आतले आडवे बार, बंपरमागची बीम, यांना हात लावायचा नाही. हे सगळं काढून वर टेचात फिरणारे बघितलेत मी इथं, त्यांच्याशी बोलायला मजा येते पण त्यांच्या शेजारी बसायला मी जात नाही.

तुमच्याकडचा ट्युफ, म्हणजे गाड्या तपासून पास करणारे, माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. सीट, स्टीअरिंग, चाकं, सगळं कागदावर चढवावं लागतं. आणि गाडीला तीस वर्षं उलटून गेलीत म्हणजे जुन्या गाड्यांची एच नंबरप्लेट मिळू शकते, तिला गाडी बऱ्यापैकी मूळ अवस्थेत लागते. म्हणून काढलेला प्रत्येक पार्ट, प्रत्येक बोल्ट, पिशवीत घालून नाव लिहून माळ्यावर ठेव. फेकलास तर मी स्वतः येऊन मारीन.

माझ्या घरापासून हेथेल हाकेच्या अंतरावर आहे, लोटसची फॅक्टरी. १९९६ ची पहिली एलिस तिथलीच, ॲल्युमिनियमचे तुकडे चक्क गोंदानं चिकटवून केलेली चेसिस ६८ किलोची, अख्खी गाडी ७२५ च्या आसपास, ११८ घोडे, म्हणजे तुझ्या इंजिनइतकेच. आणि आज तीच लोटस चीनमध्ये बनवलेली अडीच टनाची इलेक्ट्रिक एसयूव्ही विकते. चॅपमन १९८२ ला गेला ते बरंच झालं म्हणायचं.

पेट्रोलचं राहिलं. टाकी ४५ लिटरची, भरली की तेहतीस-एक किलो. ट्रॅकवर जाताना अर्धीच ठेव. सीट बदलायच्या आधी सिल बघ, म्हणजे दाराखालची पत्र्याची पट्टी, मागच्या चाकाच्या पुढं, पाणी निघायची भोकं बुजली की आतून गंजतात. ते सडलेलं असेल तर सगळे पैसे आधी तिथं. आणि वीस-तीस किलोच्या वर काढलंस की चाकांची अलाइनमेंट करून घे, स्प्रिंग थोड्या उठतात.

उन्हाळ्यात गाडी घेऊन इकडं ये. हूक ऑफ हॉलंडवरून रात्रीची फेरी बोट, सकाळी हारविच, तिथून नॉरिच दीडेक तास. स्नेटरटनचं बुकिंग मी करतो. फक्त तिथं आत सोडायच्या आधी आवाज मोजतात, तेव्हा तो नवा सायलेन्सर घेताना हलका घे पण फटफटी करू नकोस. काकूंना नमस्कार, पिंटीला पापा.

तुझा,
सम्या

ता. क. येताना ब्रेक पॅडचा एक जादा सेट आणि तुमच्याकडची ती काळी ब्रेड आण. ब्रेडचं वजन मोजलं जाणार नाही.