‘छळछावणी’ हा शब्द मागे घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेच्या ‘कोल्डिट्झ’ या श्रुतिकेवरचा लेख वाचला. आपल्या वृत्तपत्रात एका श्रुतिकेला अर्धं पान मिळालं याचा आनंद मथळा वाचेपर्यंत टिकला. मथळ्यात ‘छळछावणी’. आत मोजून पाच वेळा ‘छळछावणी’. किल्ल्याच्या छायाचित्राखाली पुन्हा तेच. रात्री झोप लागली नाही, म्हणून आज सकाळी लिहायला बसले.

कोल्डिट्झ हा जर्मनीतल्या सॅक्सनीतला किल्ला दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी अधिकाऱ्यांचा तुरुंग होता. ‘ओफ्लाग ४ सी’ हे त्याचं अधिकृत नाव, आणि ‘ओफ्लाग’चा अर्थच अधिकाऱ्यांची छावणी असा आहे. दुसऱ्या छावण्यांतून पळायचा प्रयत्न केलेल्यांना तिथं आणून ठेवत. १९३३-३४ मध्ये नाझींनी याच किल्ल्यात आपल्या राजकीय विरोधकांना डांबलं होतं. लेखकांनी त्या दिवसांबद्दल हा शब्द वापरला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती. पण श्रुतिका घडते ऑक्टोबर १९४४ मध्ये.

शब्दाचा कीस पाडते आहे असं वाटेल, म्हणून सांगते. त्या श्रुतिकेतली सगळी भीती याच फरकावर उभी आहे. वर्दीतला युद्धकैदी पळताना सापडला, तर १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार त्याला फार तर तीस दिवसांची कोठडी देता येत असे. श्रुतिकेचा नायक डॉक्टर आणि त्याची सोबतीण एस मात्र कालयानातून थेट किल्ल्यात उतरतात. अंगावर वर्दी नाही, कुठल्याही सैन्याच्या यादीत नाव नाही. अशा माणसाला हेर ठरवून गोळी घालायला कुणाची आडकाठी नव्हती. त्यात काळ कोणता, तेही बघा. मार्च १९४४ मध्ये सागानच्या युद्धकैदी छावणीतून भुयारानं ७६ वैमानिक पळाले होते. त्यांतले ७३ पकडले गेले आणि त्यांतल्या ५० जणांना गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, करार धाब्यावर बसवून ठार मारलं. खुद्द कोल्डिट्झमध्ये मायकेल सिंक्लेअर हा अधिकारी पळताना गोळी लागून गेला तो सप्टेंबर १९४४ मध्ये, म्हणजे श्रुतिका सुरू होते त्याच्या जेमतेम महिनाभर आधी. जो काही कायदा उरला होता तोही डळमळत असताना एस तिथं सापडते. अख्खा किल्ला छळछावणी म्हणून टाकला, की एसवरचं संकट आणि तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यावरचं संकट एकाच मापाचं होऊन बसतं. मग ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा तरी कशासाठी?

पण मला खरं लागलं ते वेगळ्या कारणानं. माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीत शिपाई होते. जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा ही पलटण कैद झाली. आजोबांना आधी इटलीत ठेवलं आणि १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी पुढं आपल्या मुलखात नेलं. कैद झाल्यावर कित्येक महिन्यांनी आजीला एक छापील कार्ड आलं, त्यावर आजोबांची सही आणि ‘सुखरूप आहे’ एवढाच मजकूर. कैद्यानं घरी असं कार्ड पाठवायचं, हेही त्या करारातच लिहिलेलं होतं. तोवर आजीनं त्यांची आशा सोडली होती.

मी सातवीत असताना शाळेनं आजोबांना सत्काराला बोलावलं. प्रमुख पाहुण्यांनी ‘हिटलरच्या छळछावणीतून जिवंत परतलेले वीर’ अशी त्यांची ओळख करून दिली. टाळ्या झाल्या. आजोबांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, माइकपाशी गेले आणि म्हणाले, “मी छळछावणीत नव्हतो. माझं नाव-नंबर लिहिलेला होता, मला पत्र येत होतं. ज्यांना काहीच येत नव्हतं ते लोक मी बघितलेत. त्यांचं दुःख माझ्या नावावर मांडू नका.” एवढं बोलून ते खाली येऊन बसले. तेव्हा मला त्यांची लाज वाटली होती, ती आज आठवली तरी जीव कासावीस होतो. १९४५ च्या सुरुवातीला त्यांना रस्त्यानं पायी हाकत नेत होते, तेव्हा समोरून पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेल्या माणसांची एक रांग गेली होती. त्यांतला एक जण खाली बसला आणि पुन्हा उठला नाही, हे त्यांनी मला पुढं कॉलेजात असताना सांगितलं. त्या रांगेतल्या माणसांसाठी मराठीत एक शब्द आहे. तो आपण कुठल्याही तुरुंगाला चिकटवत गेलो तर त्या माणसांसाठी कोणता शब्द उरेल?

लेखकांनी श्रुतिका ऐकलेली नाही, असंही मला वाटतं. त्यांनी डेव्हिड टेनंटला डॉक्टरच्या भूमिकेत टाकलं आहे. या श्रुतिकेत डॉक्टर आहे सिल्व्हेस्टर मॅकॉय आणि एस आहे सोफी ऑल्ड्रेड. टेनंट आहे जर्मन पहारेकरी, फेल्डवेबेल म्हणजे सार्जंट कुर्ट्झ. श्रुतिका २००१ सालची. टेनंट मालिकेत डॉक्टर झाला तो २००५ मध्ये. कुर्ट्झ ज्या लाळघोट्या आणि क्रूर आवाजात एसशी बोलतो, तो एकदा ऐकलेला माणूस ही चूक करणार नाही. आणि श्रुतिकेतली क्लाइन ही बाई कोण, कुठून आली, हे श्रुतिका चार भागांत थेंबाथेंबानं उलगडत नेते. आपल्या लेखात ते दुसऱ्याच परिच्छेदात सांगून मोकळे! दिसायला काही नसताना नुसत्या आवाजावर जे रहस्य उभं केलं, ते असं उधळू नये. मी ते इथं लिहिणार नाही, ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना ते ऐकू दे.

अर्धं पान हाताशी होतं, तर मराठी वाचकासाठी त्यात डॉ. बिरेंद्रनाथ मजुमदार यांच्यावर चार ओळी यायला हव्या होत्या. कोल्डिट्झमधले ते एकमेव भारतीय कैदी. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर, १९४० मध्ये फ्रान्समध्ये पकडले गेलेले. बर्लिनमध्ये सुभाषबाबूंशी त्यांची भेट घडवली गेली, तरी त्यांनी ब्रिटिश सैन्यात घेतलेली आपली शपथ मोडली नाही. इतकं करूनही सोबतचे इंग्रज अधिकारी त्यांच्याकडे हेर म्हणून संशयानं पाहत, आणि कातडीच्या रंगामुळे पलायनाच्या बेतांत त्यांना घेत नसत. भारतीयांच्या छावणीत हलवावं म्हणून त्यांनी गांधीजींसारखं उपोषण केलं, जर्मनांना नमवलं आणि पुढं निसटून स्वित्झर्लंड गाठलं. या माणसावर श्रुतिका झाली तर मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.

याच शब्दाबद्दल गेल्या वर्षीही मी आपल्याला पत्र लिहिलं होतं. ते छापलं गेलं नाही. फोन केला तेव्हा कार्यालयातल्या एका गृहस्थांनी विचारलं, “बाई, वाचकाला काय फरक पडतो?” माझ्या घरात पडतो. पलटणीतल्या ज्या ज्या घरात असं कार्ड आलं असेल, तिथंही पडत असेल.

येत्या रविवारी त्याच पुरवणीत, मथळ्याच्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापावी अशी विनंती आहे. कोपऱ्यातली दोन ओळींची दिलगिरी मला नको. आजीच्या पेटीतल्या कार्डाची छायाप्रत सोबत जोडली आहे. इटालियन येत नसलं तरी वरच्या ओळीत काय छापलंय ते कुणाकडूनही वाचून घ्यावं. तिथं ‘युद्धकैदी’ असं लिहिलेलं आहे.

आपली,
एक जुनी वाचक