काळोख सदरलंडचा आणि गिरवलीचा

मा. संपादक,

पुणे-नाशिक रेल्वेच्या बातम्यांत खोडदच्या जीएमआरटीचा उल्लेख वारंवार येतो. रेडिओ दुर्बिणीला त्रास नको म्हणून रेल्वेमार्गाचा फेरविचार झाला, हे योग्यच. पण त्याच टापूत गिरवलीच्या डोंगरावर ‘आयुका’ या पुण्याच्या खगोलसंशोधन संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिला उजेडाचा त्रास होतो, हे कुणाच्या गावीही नाही!

हीच आयुका दक्षिण आफ्रिकेतल्या ‘सॉल्ट’ दुर्बिणीतही भागीदार आहे. केप टाउनपासून दूर, कारूच्या ओसाड पठारावर सदरलंड गावाजवळ २००५ पासून ही दुर्बीण काम करते. तिचा सुमारे ११ मीटर रुंद आरसा ९१ षटकोनी तुकडे जोडून केला आहे. गंमत म्हणजे तो वरखाली होतच नाही. त्याचा कल कायमचा ठरलेला. तारा सरकेल तसं वरचं उपकरणच सरकतं. त्यामुळे एखादा तारा थोडाच वेळ टिपता येतो, पण खर्च कितीतरी वाचतो. मला तरी हा व्यवहारीपणा आवडतो. पुण्याच्या संशोधकांना तिकडे जावंही लागत नाही. प्रस्ताव मंजूर झाला की निरीक्षणं तिथले खगोलज्ञ घेतात आणि माहिती इकडे पाठवतात.

ऑगस्ट २०१७ मध्ये १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे (मोठ्या ताऱ्यांचे अतिघन अवशेष) एकमेकांवर आदळल्याचं दिसलं. त्यातून उमटलेल्या, झपाट्याने विझणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे त्याच्या रंगांची फोड, सॉल्टने पहिल्या एक-दोन रात्रींतच घेतला. अशा संध्याकाळी क्षितिजालगत थोडाच वेळ दिसणाऱ्या गोष्टीसाठी आरसा मोठा लागतो, तसा भोवती काळोखही लागतो. तो राखण्यासाठी दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये कायदाच केला. नॉर्दर्न केप प्रांतातल्या वेधशाळांभोवती दिवे आणि रेडिओलहरी या दोहोंवर त्याखाली बंधनं घालता येतात.

म्हणजे परक्या मुलखातल्या काळोखात आपण भागीदारी घ्यायची आणि घरचा काळोख हायमास्टखाली घालवायचा! महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचा काळोख राखणाऱ्या क्षेत्राचा, दर्जा मिळाला. तिथे जमलं ते आंबेगाव-जुन्नरला का जमू नये? रस्त्यावरचे आणि ढाब्यांवरचे दिवे झाकणीचे, खाली उजेड पाडणारे हवेत; त्याने वीजही वाचेल. आणि गिरवलीच्या परिसरातल्या ग्रामपंचायतींनी नवा हायमास्ट उभारण्याआधी आयुकाचं मत घ्यावं, असा आदेश जिल्हा प्रशासनाने काढावा.

– एक वाचक, नारायणगाव