डॅशकॅमची वायर पिलरमध्ये कोंबू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेला लावायचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा, लावून घ्या असं हल्ली जो तो सांगतोय आणि ते बरोबरच आहे, हायवेवर मागून ठोकणाराच वर आपल्या अंगावर धावून येतो, तेव्हा व्हिडिओ असलेला बरा. पण कॅमेरा कुठला घ्यावा, रात्री कसा दिसतो, मेमरी कार्ड केवढं टाकावं यावर पानंच्या पानं छापून येतात आणि त्याची वायर गाडीत कुठून न्यायची यावर एक ओळ नसते. म्हणून हे पत्र.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर नाहीतर ऑपेरा हाऊसला अॅक्सेसरीजच्या दुकानासमोर जरा उभं राहून बघा. फिटिंगवाला पोरगा कॅमेरा काचेला चिकटवतो, वायर छताच्या कापडाच्या कडेत सरकवतो, मग पुढच्या काचेशेजारचा जो खांब, ए पिलर, त्याच्या प्लास्टिकच्या फटीत पट्टीने दाबत दाबत खाली आणतो की झालं काम. दिसायला एकदम क्लीन, गिऱ्हाईक खूश. पोराला मी नावं ठेवत नाही, त्याच्या उस्तादाने जे शिकवलं तेच तो करतोय, फक्त उस्तादाच्या काळात बहुतेक गाड्यांच्या त्या खांबात काही नसायचं, आता एअरबॅग असू शकते.

ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर. या दोन्ही स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये, खांब मोकळाच. मग सहा एअरबॅग सक्तीच्या करायच्या असं सरकारने ठरवलं आणि २०२३ मध्ये सक्ती नाही म्हणून सांगितलं, पण त्याच वर्षी गाड्या धडकवून बघून सुरक्षेचे स्टार देणारं भारत एनकॅप सुरू झालं, लोक स्टार विचारून गाडी घ्यायला लागले आणि कंपन्या आपणहून सहा द्यायला लागल्या. २०२४ च्या नव्या स्विफ्ट आणि डिझायरला तर बेस मॉडेललाही सहा आहेत. त्यातल्या दोन सीटच्या बाजूला असतात आणि दोन छताच्या कडेला, दरवाज्यांच्या वर, गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीसारख्या. या कर्टन एअरबॅगचं पुढचं टोक बऱ्याच गाड्यांत ए पिलरमध्ये उतरलेलं असतं. तुमच्या गाडीत आहे का ते बघायला मेकॅनिक नको, खांबाच्या प्लास्टिकवर किंवा छताच्या कडेला एसआरएस एअरबॅग असं कोरलेलं किंवा टॅग लावलेला दिसेल.

साइडने धडक बसली की ही बॅग सेकंदाच्या शंभराव्या दोन-तीन भागांत, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत, छताची कड फाकवून खाली येते. आता फटीतून दाबलेली वायर बरेचदा बॅगेच्या पुढ्यात, म्हणजे बॅग आणि प्लास्टिक यांच्या मध्ये बसते. एवढ्याशा वायरने बॅग अडूनच बसेल असं मी म्हणत नाही, पण जी वस्तू नेमकी कुठून आणि कशी उघडायची हे कंपनीने टेस्ट करकरून ठरवलंय तिच्या वाटेत आपण काहीतरी आडवं टाकायचं, आणि वायरच्या टोकाला कॅमेरा लटकलेला, तोही हिसक्यासरशी कुणाच्या तोंडावर येणार नाही याची गॅरंटी कोण देणार? शिवाय त्या खांबाच्या प्लास्टिकच्या क्लिपा साध्या नसतात, बॅग फुटताना प्लास्टिक उडून माणसाला लागू नये म्हणून काही गाड्यांत त्यांना धरून ठेवायची खास सोय असते आणि एकदा काढल्या की नव्या लावायच्या असतात. पट्टीने उचकटताना त्या तुटल्या तर बाहेरून काही कळत नाही.

करायचं कसं, तर पिलरचं प्लास्टिक व्यवस्थित काढायचं, बॅग दिसली की वायर तिच्या मागून, कंपनीच्या वायरिंगला धरून खाली न्यायची, ताणून बांधायची, लोंबकळत ठेवायची नाही. मागच्या कॅमेऱ्याची वायर दरवाज्यांच्या वरच्या रबरातून नेणारे तर सगळ्यात जास्त, आणि ती म्हणजे कर्टन बॅगेची अख्खी लांबी. तिला आधी खाली उतरवा, दरवाज्याच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे न्या आणि डिकीजवळ वर चढवा, अर्थात वर चढताना तिथेही बॅग कुठे संपते ते बघूनच. वायर थोडी जास्त लागते, तासभर वेळ जातो, दुकानदाराला नको असतं ते हेच.

खरी भीती मला पिवळ्या वायरची वाटते. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर बहुतेक पिवळे असतात, हात लावू नका हे कळावं म्हणूनच. आणि स्टीरिओवाल्याच्या जगात पिवळी वायर म्हणजे बॅटरीचा कायमचा सप्लाय, लाल म्हणजे चावी फिरवल्यावरचा, काळी अर्थिंग. डॅशकॅमच्या किटमध्येही बहुतेक हेच रंग. वर्षानुवर्षं टेप बसवलेला माणूस सीटखाली किंवा डॅशबोर्डखाली पिवळी वायर बघून टेस्टर लावायला गेला तर त्या टेस्टरच्या करंटनेही बॅग उडू शकते, म्हणून तर मॅन्युअलमध्ये मल्टिमीटरसुद्धा लावू नका असं बजावलेलं असतं. असं रोज घडत नाही हे मान्य, जास्त वेळा काय होतं तर कनेक्टर ढिला होतो, स्पीडोमीटरशेजारी एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि मालक म्हणतो गाडी तर चालतेय ना. तो दिवा लागलेला असताना धडकेच्या वेळी बॅग उघडेलच असं नाही. म्हणून पिलर किंवा सीट उघडायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं, कारण बॅटरी काढली तरी सिस्टीममध्ये थोडा वेळ चार्ज उरतो. सप्लाय फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागी बसवून जादा वायर काढायचा तुकडा, लावून घ्यायचा, चार्जिंग सॉकेटसारख्या साध्या फ्यूजवरून, एअरबॅगच्या फ्यूजवरून कधीच नाही. वायर सोलून जॉइंट मारून काळी टेप गुंडाळणाऱ्याला सरळ नमस्कार करून निघून यायचं.

डॅशबोर्डवरच्या बाप्पाबद्दल लिहिलं की आमच्याच घरात वाद होतो, तरी लिहितो. शेजारच्या सीटसमोर एसआरएस लिहिलेल्या झाकणावर मूर्ती, मोबाईल होल्डर काही चिकटवू नका, बाप्पाला मध्यभागी बसवा. आणि सीटमध्ये बॅग असेल तर बाजूची शिवण उघडणारं कव्हर मागा, नुसतं लेदर लेदर करू नका.

सीट बेल्टचा अलार्म बंद करणाऱ्या क्लिपा ऑनलाइन विकू नका असा आदेश केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये काढला, म्हणजे मनात आणलं तर करता येतं. मग फिटिंगचं काय? डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्येच अॅक्सेसरीज लावून देतात, तिथेही विचारलं की वायर कुठून नेली तर समोरचा बघतच राहतो. माझी मागणी एवढीच की फिटिंगच्या बिलावर वायर कुठून नेली, कुठल्या फ्यूजवरून सप्लाय घेतला आणि काम झाल्यावर एअरबॅगचा दिवा विझला होता का, एवढं लिहून देणं परिवहन खात्याने दुकानांना आणि शोरूमना बंधनकारक करावं. तोपर्यंत आपल्या पेपरने गाडीत बॅगा कुठे कुठे असतात त्याचं एक मोठं चित्र छापावं, मराठीत, म्हणजे गिऱ्हाईक ते फिटरच्या समोर धरेल.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)