वाचनालयाचं डोमेन जडसंग्रह नोंदवहीत लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली अकरा वर्षं सार्वजनिक वाचनालयाची मानद कार्यवाह म्हणून काम करते. आमच्यावर जे ओढवलं ते इतर संस्थांवर ओढवू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे. थोडं लांबलं तरी कृपया छापावं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या आठवड्यात, आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला. ते निवृत्त शिक्षक. कोणकोणते दिवाळी अंक आले ते पाहायला त्यांनी वाचनालयाची वेबसाइट उघडली होती. म्हणाले, "बाई, आपल्या साइटवर पत्ते आणि पैसे लावायची चक्रं दिसतायत. नात शेजारी बसली होती हो माझ्या." मी मोबाइलवर पत्ता टाकून पाहिला. आमच्याच नावाखाली परदेशी जुगाराचं पान उघडलं. पहिला विचार आला तो साइट हॅक झाल्याचा. पोलिसांत जायचं का, यावर कार्यकारिणीच्या तिघाजणांशी बोलणंही झालं.

दिवाळीला घरी आलेल्या भाच्याला हे सांगितलं. त्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही प्रणाली आहे. तो म्हणाला, "मावशी, हॅक झालीय का ते आधी विचारू या." त्याने काळी खिडकी उघडली, टर्मिनल म्हणतात ती. त्यात इंग्रजीत 'हूइज' (whois, म्हणजे 'कोण आहे') टाइप केलं, दोन शब्द जोडून, मध्ये जागा न सोडता. वेबसाइटच्या नावाची नोंद विचारायची ती आज्ञा. मग एक जागा, पुढे आमचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, आणि एंटर. सुरुवातीचे तीन डब्ल्यू नकोत, तिरक्या रेघा नकोत, नुसतं नाव आणि डॉट ऑर्ग. दोन-तीन सेकंदांत पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर सरकत गेल्या. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. क्रिएशन डेट, म्हणजे नाव नोंदवल्याची तारीख : ३० ऑगस्ट २०२३.

आमच्या फायलीत पहिल्या नोंदणीची पावती आहे, ११ जून २०१४ ची. डोमेन कुणी हॅक केलं तर नोंदणीची मूळ तारीख बदलत नाही. ती बदलली याचा अर्थ आमचं नाव पूर्ण सुटलं होतं आणि दुसऱ्या कुणीतरी ते रीतसर पैसे भरून नव्याने घेतलं होतं.

मग आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळतं. आमची मुदत ११ जून २०२३ ला संपली. त्यानंतर रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, साधारण ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने मुदत वाढवून देऊ शकते. पुढचे ३० दिवस दंड भरून नाव सोडवता येतं. शेवटचे ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते नाव जगाला मोकळं होतं. ४५, ३० आणि ५ मिळून ८०. ११ जूनपासून ८० दिवस मोजले, तर बोट ३० ऑगस्टवरच आलं. मोकळं झालं त्याच दिवशी उचललं! सुटणाऱ्या जुन्या नावांवर नजर ठेवून बसणारे लोक असतात हे मला तेव्हा कळलं. जुन्या नावाला ये-जा असते, शाळांच्या आणि वर्तमानपत्रांच्या पानांवरून त्याकडे दुवे असतात, त्याची किंमत त्यांना ठाऊक असते. त्या ८० दिवसांपैकी पहिल्या ७५ दिवसांत मी एकदा जरी ती एक ओळ टाइप केली असती, तरी नाव वाचलं असतं. हे मला अजून लागून राहिलं आहे.

हे झालं कसं? गावातल्या एका होतकरू मुलाने २०१४ मध्ये साइट करून दिली होती. डोमेन त्याच्या खात्यावर, त्याच्या ईमेलवर. दर जूनमध्ये तो आठवणीने पैसे भरायचा, आम्ही त्याला द्यायचो. कित्येकदा त्याने मागितलेही नाहीत. मग तो नोकरीसाठी बाहेर गेला, ईमेल बदलला, आणि मुदत संपल्याची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली. त्याला मी तिळभर दोष देत नाही. दोष संस्थेचा आहे. आमच्याकडे २२ लोखंडी कपाटं आहेत, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर आहे आणि प्रत्येकाची जडसंग्रह नोंदवहीत नोंद आहे. मोडकी शिडीसुद्धा ठरावाशिवाय काढता येत नाही. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढतं. इमारत आणि जागा ट्रस्टच्या पीटीआरवर, म्हणजे सार्वजनिक न्यासाच्या नोंदवहीत, आहे. आणि ज्या नावाने संस्था जगाला दिसते, त्याची नोंद एका मुलाच्या ईमेलमध्ये!

नुकसान किती झालं ते एकाच गोष्टीवरून सांगते. २०१६ मध्ये शतक महोत्सवाची स्मरणिका काढली, हजार प्रती. प्रत्येक प्रतीच्या मलपृष्ठावर ठळक अक्षरांत वेबसाइटचा पत्ता आहे. त्या प्रती घराघरांत, शाळांच्या कपाटांत आणि मुंबई-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांकडे आहेत. पावती पुस्तकं आम्ही बदलली, रबरी शिक्का बदलला, दारावरची पाटी रंगवून घेतली. स्मरणिका कशी परत घेणार? नाव परत मिळवण्यासाठी आंतरराष्ट्रीय तंटा दाखल करता येतो, पण जिनिव्हाच्या संस्थेत सर्वांत साध्या प्रकरणाची फीच दीड हजार डॉलर आहे, आणि त्या नावावर ट्रेडमार्कसारखा हक्क दाखवावा लागतो. आमच्यासारख्या वाचनालयाला ते झेपणारं नाही.

या हूइजचा इतिहास वाचताना मला एक आपलं माणूस भेटलं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई होत्या. मूळच्या रसायनशास्त्राच्या, आणि काम माहिती शोधून, लावून ठेवण्याचं. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटचं माहिती केंद्र त्यांनी १९८९ पर्यंत चालवलं. कोणता संगणक कुठे आहे, कुणाला विचारायचं, हे सगळं त्यांच्या केंद्राकडे. आधी छापील निर्देशिका होती. पुढे लोकांनी संगणकावरूनच विचारावं म्हणून हूइज आलं. त्याचा नियम मार्च १९८२ मध्ये लिहिला गेला, आणि तो इतका साधा आहे की ४३ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या ठरलेल्या दारावर, एक ओळ पाठवायची, मजकूर परत येतो, जोडणी बंद. कार्डावर नाव लिहून खिडकीतून आत सरकवावं आणि ग्रंथपालाने पुस्तक काढून द्यावं, तसं. हा कोश लोकांना बघता यावा म्हणूनच केलेला आहे, आणि आपण तो बघत नाही.

आता त्यातलं सगळं दिसत नाही हेही सांगायला हवं. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून मालकाचं नाव आणि फोन बहुतेक ठिकाणी झाकलेले असतात. त्यामुळे डोमेन संस्थेच्या नावावर आहे की डिझायनरच्या, हे बाहेरून बहुधा कळणार नाही, त्यासाठी रजिस्ट्रारकडचं खातं उघडूनच बघावं लागेल. पण नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि रजिस्ट्रारचं नाव सहसा दिसतं, आणि संस्थेला आधी तेवढंच लागतं. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असतो. पुढची वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागची असते. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांसाठी हूइज चालवण्याचं बंधन राहिलेलं नाही, त्याची जागा आरडॅप नावाच्या नव्या पद्धतीने घेतली आहे. तेव्हा काळ्या खिडकीत उत्तर आलं नाही, तर डोमेनचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाकावं. ते मोबाइलवरही उघडतं, पैसे पडत नाहीत.

या ओळीचा दुसरा उपयोग गेल्या उन्हाळ्यात झाला. एक आजी मोबाइल घेऊन वाचनालयात आल्या. वीजबिल भरलं नाही, आज रात्री जोडणी तोडणार, असा मेसेज आणि खाली लिंक. लिंकच्या सुरुवातीला वीज कंपनीसारखं नाव होतं. पण डोमेन उजवीकडून वाचायचं असतं. पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या अलीकडचे शेवटचे दोन तुकडे (कधी डॉट सीओ डॉट इन असेल तर तीन) म्हणजे खरं नाव, डावीकडे काहीही चिकटवता येतं. लिंक न उघडता ते दोन तुकडे हूइजला विचारले. नोंदणी चार दिवसांपूर्वीची! आजी म्हणाल्या, "चार दिसाच्या कंपनीचं बिल मी कशाला भरू?" तारीख जुनी आहे म्हणून साइट खरी, असं मात्र कुणी धरू नये, जुनी सुटलेली नावं कुठे जातात ते वर सांगितलंच आहे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन हे वेगळं आडनाव ठरवून ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली, ते फार चांगलं झालं. वाचनालयं, शिक्षण संस्था, पतसंस्था यांनी मात्र आपलं आपणच बघायचं आहे.

म्हणून माझी दोन ठिकाणी विनंती आहे. ग्रंथालय संचालनालयाने वार्षिक तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा : डोमेनचं नाव, खातं कुणाच्या ईमेलवर, मुदत केव्हा संपते. आणि लेखापरीक्षकांनी कपाटं मोजताना हेही विचारावं. खर्च काही नाही. आमच्या तालुक्याच्या बैठकीत मी लॅपटॉप नेऊन सात संस्थांची नावं सगळ्यांसमोर विचारली. त्यातल्या एकीची मुदत संपून १९ दिवस झाले होते. त्यांच्या अध्यक्षांनी तिथूनच डिझायनरला फोन लावला आणि संध्याकाळच्या आत पैसे भरले गेले.

आमचं नवं डोमेन डॉट इन आहे, संस्थेच्या ईमेलवर, पाच वर्षांसाठी घेतलेलं. जडसंग्रह नोंदवहीत कपाट क्रमांक २२ च्या खाली त्याची नोंद आहे. जुनं डोमेन अजून त्याच लोकांकडे आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी ते विचारून बघते. सध्या त्याची मुदत ३० ऑगस्ट २०२६ दिसते. तीही नवीन नोंदीच्या शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.

आपली,
एक मानद कार्यवाह, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे)