गाठीचे वजन छापले, रिपोर्टचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘महिलेच्या पोटातून अमुक किलोची गाठ काढली’ ही बातमी आपल्या नाशिक आवृत्तीत अधूनमधून येतच असते. ट्रेमध्ये गाठ, मागे हिरव्या गाऊनमधले सर्जन आणि भूलतज्ज्ञ, मथळ्यात ‘जीवदान’. डॉक्टरांच्या हाताबद्दल मला शंका नाही. एवढी गाठ न फुटू देता बाहेर काढणे खायचे काम नाही. पण माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून झाली. त्यामुळे बातमी वाचली की पहिला प्रश्न पडतो, गाठ होती कसली? ते कधीच छापलेले नसते. फोटो निघतो ऑपरेशनच्या दिवशी आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे गाठीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा, रिपोर्ट येतो काही दिवसांनी, तेव्हा असणार तरी कसे?

वजनावरून काहीच ठरत नाही. अंडाशयाची दहा किलोची गाठ नुसत्या बुळबुळीत द्रवाने भरलेली आणि निरुपद्रवी निघू शकते. स्वादुपिंडातली सुपारीएवढी गाठ माणसाला घेऊन जाते. शिवाय मोठ्या गाठीत बहुतेक भाग साधा आणि एखाद्याच कोपऱ्यात कॅन्सर, असेही असते. म्हणून ती लॅबमध्ये चिरून, घट्ट किंवा वेगळ्या दिसणाऱ्या जागा हेरून, साधारण दर सेंटीमीटरला एक या हिशोबाने तुकडे घ्यावे लागतात. त्यासाठी गाठ धड अवस्थेत पोचायला हवी ना! सुरगाणा-पेठकडचे नातेवाईक ती प्लास्टिकच्या डब्यात, डबा किराण्याच्या पिशवीत, असे रिक्षातून घेऊन येत. एकदा डबा उघडला तर गाठ टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनऐवजी सलाइन, म्हणजे नुसते मिठाचे पाणी. गाठ आतून सडलेली, चिठ्ठीवरची शाई ओघळून नावसुद्धा वाचता येईना. त्या बाईला कॅन्सर होता की नव्हता, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हते.

ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी पकडायला ‘स्पेन्सर वेल्स’ नावाचा चिमटा वापरतात. तो ज्यांच्या नावाचा, त्या सर थॉमस स्पेन्सर वेल्स या इंग्रज सर्जनने पोटातल्या गाठींच्या अभ्यासातच हयात घालवली. अंडाशयाच्या गाठीसाठी पोट उघडणे म्हणजे जिवाशी खेळ, असे तेव्हाचे नावाजलेले डॉक्टर म्हणत. वेल्स यांचे असे पहिले ऑपरेशन यशस्वी झाले १८५८ साली. १८८० पर्यंत त्यांनी हजाराचा पल्ला गाठला. मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. वाचलेल्या बायकांबरोबर दगावलेल्यांच्या केसेसही त्यांनी छापल्या. त्यामुळेच इतर सर्जनना ताडून पाहता आले आणि विरोध ओसरला.

व्हिएन्नाचे थिओडोर बिलरोथ याच पठडीतले. जानेवारी १८८१ मध्ये त्यांनी कॅन्सर झालेला जठराचा भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले. ऑपरेशन जगभर गाजले. पेशंट सुमारे चार महिन्यांनी त्याच आजाराने गेली, आणि हेही वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. आपल्या पद्धतीने ही बातमी जानेवारीतच संपली असती.

पेशंट घरी गेले की पुन्हा सापडत नाहीत, ही सबब मी पुष्कळदा ऐकली आहे. ती मला पटत नाही. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून खेडोपाडी माणसे पाठवून कॅन्सरची नोंदणी चालते. मग नाशिकच्या दवाखान्याला ऑपरेशन केलेल्या पेशंटला फोन करणे जड का जावे? आरोग्य विज्ञान विद्यापीठही आपल्याच म्हसरूळला आहे. एम.एस.च्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो. पोटाच्या गाठींवरच्या एखाद्या प्रबंधात काय निघाले, हे आपल्या वार्ताहराने मार्गदर्शक प्राध्यापकांना विचारून सोप्या मराठीत लिहिले, तर मी तरी ते आवडीने वाचीन.

तूर्त विनंती एवढीच, की अशी बातमी रिपोर्ट हाती येईपर्यंत थांबवावी आणि गाठ कसली होती ते पेशंटच्या संमतीने, नाव न देता छापावे. वर्षभराने त्याच डॉक्टरांना पुन्हा विचारावे आणि उत्तर चांगले असो वा वाईट, चार ओळी द्याव्यात. नातेवाइकांनीही डिस्चार्जच्या वेळी बिलाबरोबर रिपोर्टची प्रत मागून घ्यावी. पुढे मुंबईला टाटात जायची वेळ आली तर तिथे स्लाइड (काचपट्टीवरचा गाठीचा पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागतात. ते लॅबकडे असतात आणि अर्ज करून मिळतात.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, पंचवटी, नाशिक