दुसऱ्यांदा विचारलेला स्कोअर

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो बाबा" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहितोय. मराठी वाचायला तुला वेळ लागतो. लागू दे.

रग्बी लीगच्या दहा नंबरच्या जर्सीतला तुझा फोटो आजोबांना कोल्हापूरला पाठवला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "कान कधी मोडायचे ह्याचे?" कान न मोडलेला पैलवान त्यांच्या लेखी पैलवानच नव्हे. गेल्या महिन्यात तू घरी आलास तेव्हा डावा कान पुरीसारखा फुगला होता. आईने डोळ्यांना पदर लावला. मला, खरं सांगतो, अभिमान वाटला.

प्रॉपचं, म्हणजे तुझं, पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूचं काम मला आवडतं, कारण त्यात मिरवणं नाही. ट्राय करणारे, समोरच्यांच्या रेषेपार बॉल टेकवून गुण मिळवणारे, पेपरात येतात. प्रॉपने बॉल छातीशी धरून समोरच्या भिंतीत शिरायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा शिरायचं. सहा वेळा अडवलं की बॉल समोरच्यांकडे जातो, त्या सहा टॅकलच्या आत मागच्यांना जागा करून द्यायची. 2014 ची एनआरएलची, ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात मोठ्या रग्बी लीग स्पर्धेची फायनल आठवते? साउथ सिडनीच्या सॅम बर्जेसचं गालाचं हाड पहिल्याच टॅकलला मोडलं, कँटरबरीच्या जेम्स ग्रॅहमच्या डोक्यावर आपटून. तसाच तो 80 मिनिटं खेळला. 30-6. साउथला 43 वर्षांनी विजेतेपद आणि त्याला फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक. तू तेव्हा उशी पोटाशी धरून माझ्या अंगावर धावत येत होतास. त्याच रात्री मी तुला साउथचाच जॉन सॅटलर सांगितला, 1970 च्या फायनलला मोडक्या जबड्याने खेळलेला. अगदी चवीने सांगितला.

बर्जेसला खांद्याने तिसाव्या वर्षीच निवृत्त केलं, हे मात्र गाळलं. आणि स्टीव्ह फोक्स तर कधीच सांगितला नाही. कँटरबरीचा सेकंड-रोवर, प्रॉपच्या मागच्या रांगेत खेळणारा, पुढे त्यांचाच प्रशिक्षक. 2018 मध्ये 59 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. मेंदू तपासला तेव्हा सीटीई निघाला, वर्षानुवर्षं डोक्याला बसलेल्या दणक्यांनी होणारा आजार. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, जुळतं. हा आजार माणूस जिवंत असताना नक्की सांगताही येत नाही.

आता परवाचं. उत्तरार्धात त्या धिप्पाड पोराच्या कोपरावर तुझं डोकं आदळलं. तू उठलास, ट्रेनरला अंगठा दाखवलास. नंतर गाडीत विचारलंस, "बाबा, स्कोअर काय झाला?" मी सांगितला. सिग्नल सुटायच्या आत तू परत तेच विचारलंस.

मी दुसऱ्यांदाही सांगितला. गप्प बसलो. एनआरएलमध्ये 2023 पासून कन्कशनचं, डोक्यावरच्या दणक्याने मेंदूला झालेल्या इजेचं, निदान झालं की साधारण 11 दिवस मैदान बंद. तुमच्याकडेही बसावंच लागतं. तुझ्या काँट्रॅक्टची बोलणी पुढच्या आठवड्यात. हा हिशेब तू केला असशीलच, पण स्टीअरिंगवर हात ठेवून मीही केला. घरी आईला म्हणालो, दमलाय पोरगा, झोपू दे. त्या रात्री तीनदा उठून तुझा श्वास बघितला. तुला माहीत नाही.

सोमवारी सकाळी दहाला मी तुमच्या टीम डॉक्टरांना फोन करणार आहे. स्कोअर दोनदा विचारलास ते सांगणार, आणि मी दोन दिवस बोललो नाही तेही. त्याआधी तू केलास तर मला करावा लागणार नाही. काँट्रॅक्ट गेलं तर माझ्यावर चिडायला घरी ये. आई तुझ्यासाठी तांबडा रस्सा करणारच आहे.

तुझा
बाबा